भांडण लहान आहे तोवरच जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. घरात मारझोड नाही, व्यसन नाही, पैशाची फारशी ओढाताण नाही, आणि तरीही तुम्हा दोघांत पाच मिनिटे सरळ बोलणे होत नाही, असे तू लिहितोस. समुपदेशकाकडे जावे असे तुला वाटते. पण ‘तिकडे गेलो म्हणजे घटस्फोटाची वेळ आली असे लोक समजतील, आणि कोल्हापुरात काही लपून राहत नाही’ ही धास्तीही आहे. माझे मत विचारलेस म्हणून स्पष्ट लिहिते : जायचे असेल तर आत्ताच जा.

कौटुंबिक दाव्यांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त हळहळ वाटली ती उशिरा आलेल्या जोडप्यांची. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 9 प्रमाणे, शक्य असेल तिथे न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. म्हणजे जी खुर्ची तू आज टाळतो आहेस, तिच्यावर शेवटी कायदाच नेऊन बसवतो. फरक एवढाच की तोवर अर्ज दाखल झालेला असतो, त्यात एकमेकांच्या आईवडिलांविषयी नको ते लिहिले गेलेले असते, आणि एकदा कागदावर आलेले ते वाक्य समोरच्याच्या मनातून पुसणे फार अवघड जाते. भांडण जेवणाच्या वेळेवरून चाललेले असते तेव्हा ते सोडवता येते. ते इभ्रतीवर गेले की सोडवणाऱ्याचेही हात बांधले जातात.

तुझे मामा बैठक बसवू म्हणतात, असे तू लिहिले आहेस. बैठकीची मला अढी नाही. दोन्हीकडची चार जाणती माणसे पदरचा वेळ खर्च करून येतात, त्यामागे मायाच असते. परंतु बैठकीत शेवटी निकाल द्यावा लागतो. कोणाचे चुकले ते ठरते, एकाला मान खाली घालावी लागते, आणि निरोप देताना ‘आता एखादे मूल होऊ द्या, सगळे मार्गी लागेल’ असा सल्ला मिळतो. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. दोघांना बोलता येत नसलेल्या घरात तिसऱ्या जीवाला मध्यस्थ म्हणून आणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

समुपदेशक निकाल देत नाही. मग तो करतो काय, हे तुझ्याच पत्रातल्या प्रसंगावरून सांगते. दुसऱ्या पाळीहून तू रात्री साडेबाराला येतोस, सूनबाई ताट झाकून बसलेली असते, आणि तू गोकुळ शिरगावच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये जेवून आलेला असतोस. त्यावरून वाद पेटतो. समुपदेशक आधी तिला बोलू देईल आणि तुला फक्त ऐकायला लावेल. नंतर विचारेल, ‘त्या काय म्हणाल्या, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ तू बहुधा म्हणशील, ‘मी बाहेर जेवलेले हिला खपत नाही.’ ती नाही अशी मान हलवेल आणि म्हणेल, ‘जेवा की बाहेर, पण मला एक फोन करत नाही. मी घरात आहे हे यांच्या ध्यानातच नसते.’ मग तू पुन्हा सांगायचे, आणि ती ‘हो, असेच’ म्हणेपर्यंत सांगत राहायचे. त्यानंतर तुझी पाळी : आठ तास भट्टीजवळ उभे राहून आल्यावर दारातच प्रश्न आला की तुला काय होते, हे तिने ऐकायचे आणि आपल्या शब्दांत मांडायचे. वाचताना हे पोरखेळासारखे वाटेल. पण वर्षानुवर्षे एका छपराखाली राहणाऱ्यांनी एकमेकांचे म्हणणे पहिल्यांदाच पुरते ऐकल्याचे मी या पद्धतीत पाहिले आहे. रागाच्या खाली बहुतेक वेळा ‘मी हिच्या किंवा ह्याच्या लेखी आहे की नाही’ ही भीती असते. 1980 च्या दशकात सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी विकसित केलेली भावनाकेंद्री उपचारपद्धती याच भीतीला हात घालते.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची संभाषणे चित्रित करून आणि बोलताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजून दीर्घकाळ अभ्यास केला. नाते पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या : स्वभावावर घसरणारी टीका, तुच्छता, प्रत्येक गोष्टीत स्वतःचा बचाव, आणि अबोला. त्यांत तुच्छता सर्वांत घातक. तू पाहुण्यांसमोर सूनबाईच्या माहेरच्या गावाची थट्टा करतोस, असे सहज लिहून गेला आहेस; ते सहज घेऊ नकोस, आजपासून थांबव. जोडप्यांतले सुमारे 69 टक्के मतभेद कायमचे असतात, ते मिटत नाहीत, असाही त्यांचा निष्कर्ष आहे. मला तो दिलासा देणारा वाटतो, कारण सगळे मिटलेच पाहिजे हे ओझे त्याने उतरते. ठोके मिनिटाला शंभरावर गेले की माणसाला नीट ऐकूच येत नाही, म्हणून निदान वीस मिनिटे थांबावे, असे ते सांगतात. खुशाल रंकाळ्यावर चक्कर मारून ये, पण ‘अर्ध्या तासात येतो, मग बोलू’ हे सांगून बाहेर पड. न सांगता गेलास तर तो अबोलाच होतो.

एक मर्यादा मात्र पक्की ध्यानात ठेव. जिथे मारहाण किंवा धमकी आहे, तिथे दोघांना एकत्र बसवणे धोक्याचे असते, कारण मार खाणारी व्यक्ती तिथे खरे बोलू शकत नाही आणि बोललीच तर घरी जाऊन त्याची किंमत मोजते. तिला आधी संरक्षण हवे. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि 181 ही हेल्पलाइन आहे. शाहू महाराजांनी 1919 मध्येच करवीर म्हणजे आपल्या कोल्हापूर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता, त्यामुळे याबाबत आपल्या गावाला तरी सबब उरत नाही. तुमच्या घरात तसे काही नाही, म्हणूनच तुला मी निर्धास्तपणे जा म्हणते. समुपदेशनाने संसार टिकतोच, असे मात्र मी म्हणणार नाही. काही जोडपी विचारपूर्वक वेगळी होतात. पण तीही एकमेकांची अब्रू न काढता होतात, आणि मुले असतील तर त्यांचे हाल कमी होतात.

समुपदेशक निवडताना शिक्षण आणि जोडप्यांसोबत काम केल्याचा अनुभव विचार. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्याचे सांगत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचार. गोपनीयता कशी पाळतात, एकेकट्याने सांगितलेले दुसऱ्याला सांगतात का, हे पहिल्याच दिवशी दोघांसमोर ठरवून घ्या. पहिल्या काही भेटींतच कोणा एकाची बाजू घेतली जात असेल, तर दुसरीकडे जा. ओळखीचे कोणी भेटेल ही भीती जातच नसेल, तर ऑनलाइन भेटी घ्या. एक-दोन भेटींत गुण येण्याची अपेक्षा धरू नका, काही महिने द्यावे लागतील. तुझी झोप उडाली आहे, त्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येते.

सूनबाईला ‘तुला समुपदेशनाची गरज आहे’ असे चुकूनही म्हणू नकोस. ‘मला तुझ्याशी नीट बोलता येत नाही, ते शिकायचे आहे, तू सोबत येशील का,’ असे विचार. नाहीच म्हणाली तर तू एकटा जा. एकाच्या बोलण्याची रीत बदलली तरी घरातले पुष्कळ काही बदलते. मामांना आणि आईंना त्याआधी काही सांगू नकोस. आणि पहिली भेट ठरवताना आपल्या पाळीचा विचार करू नकोस, तिच्या बँकेला सुट्टी असलेला दुसरा शनिवार धर.

कळावे.