पीबीआर जोडायला घेतलीस, तर हे ऐक

पहिलाच किट म्हणून तामिया कंपनीची १/३५ मापाची (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी) पीबीआर, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या नदीतल्या गस्ती नावेचं मॉडेल, घेतलीस, बरं केलंस. डबा उघडला की हात आधी मशीनगनकडं जातो, जाऊ देऊ नको. हल (नावेचं खालचं अंग) अन् डेक (वरचा भाग) गोंद न लावता एकमेकांवर बसवून बघ. फट दिसली तर पुट्टी भर, मग पाण्याचा पॉलिश पेपर.

खरी गंमत रंगात आहे. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या फाट्यांतून गस्त घालणारी ही नाव फायबरग्लासची. म्हणून बाजूंवर गंजाचे ओघळ काढायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी! गंज फार तर लोखंडी सामानाला. मागं पंखाही शोधत बसू नको. ती पाण्याच्या जेटवर चालायची, म्हणूनच उथळ पाण्यात शिरायची. हिरवा रंग उन्हानं विटलेला दाखव, पाणरेषेला गाळाची कड. गढूळ पाणी कसं दिसतं ते बघायला पावसाळ्यात नांदेडला गोदावरीच्या घाटावर जा.

आपल्याकडं मे महिन्यात दुपारी एअरब्रश (हवेनं रंग फवारायचं यंत्र) धरूच नको. रंग वाटेतच वाळतो अन् खरखरीत बसतो. सकाळी लवकर मार, थिनरमध्ये थोडं रिटार्डर (रंग सावकाश वाळू देणारं द्रव्य) घाल. कूलर तेवढा वेळ बंद. घरचे ओरडतील, ओरडू दे. अँटेना सगळ्यात शेवटी लाव.