जपानी जहाजात दोन टक्के हिस्सा आणि संपूर्ण कर्जाची हमी

प्रश्न: मी मूळचा रत्नागिरीचा, वय 46, मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर आहे. जपानमधील इमाबारी येथे बांधलेले, 28,000 टन डेडवेटचे (एकूण भारक्षमतेचे), 15 वर्षांचे बल्क कॅरिअर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणारे जहाज) 85 लाख डॉलरला घ्यायचे, चालवायचे आणि तेजी आली की विकायचे, अशी सिंगापूरमधील एका परिचितांची योजना आहे. मी स्वतः इंजिनरूममध्ये उतरून मशिनरी पाहिली असून जहाज चांगले आहे, असे माझे मत आहे. निम्मी रक्कम कर्जाची असून त्यासाठी सर्व भागीदारांची सामाईक वैयक्तिक हमी लागेल. मुलांच्या शिक्षणासाठी व निवृत्तीसाठी ठेवलेल्या माझ्या 1 कोटी 40 लाखांच्या ठेवींपैकी 80 लाख गुंतवावेत का?

उत्तर: जहाजाविषयीचे आपले मत मी मान्य करतो. जपानी बांधणीची, एनके क्लासची (म्हणजे जहाजांची तपासणी करून दर्जा देणाऱ्या जपानी संस्थेकडे नोंदलेली) आणि नीट राखलेली जहाजे जुन्या जहाजांच्या बाजारात इतरांपेक्षा चढ्या भावाने जातात, आणि जपानी मालक हे जहाज विकत आहे म्हणजे त्यात खोट आहे, असेही समजण्याचे कारण नाही. जपानी करनियमांत मोठ्या पोलादी मालवाहू जहाजाचे घसाऱ्याचे आयुष्य, म्हणजे त्याची किंमत करासाठी उत्पन्नातून वजा करत जाण्याची मुदत, 15 वर्षे धरतात. त्याच वयाला तिसरा स्पेशल सर्व्हे, म्हणजे क्लासची दर पाच वर्षांची सखोल तपासणीही येतो, म्हणून तो खर्च अंगावर येण्याआधी जहाज विकणे त्या मालकाच्या सोयीचे असते.

तो खर्च मग घेणाऱ्याच्या वाट्याला येतो. आपण स्वतः इंजिनरूममध्ये उतरून मशिनरी पाहिली, हे उत्तम केले. पण पैसा खाणारी जागा बहुधा बॅलास्ट टँकमध्ये (तोल राखण्यासाठी समुद्राचे पाणी भरण्याच्या टाक्यांत) आणि होल्डच्या (माल भरण्याच्या कप्प्यांच्या) फ्रेम्समध्ये असते. तिथे पत्रा किती झिजला हे थिकनेस मेजरमेंटचा, म्हणजे पत्र्याची जाडी मोजल्याचा अहवालच सांगतो, आणि बदलावयाच्या पोलादाचा अंदाज दुप्पट होणे ही या व्यवसायातील नेहमीची गोष्ट आहे. या आकाराच्या जहाजाचा रोजचा चालवण्याचा खर्च 5,500 डॉलर धरला, तर ड्रायडॉकमधील (जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करण्याच्या गोदीतील) 30 दिवसांतच, एक पैसाही न कमावता, 1 लाख 65 हजार डॉलर जातील. दुरुस्तीचे बिल वेगळेच. आपल्या पत्रातील हिशेबात या दोन्हींसाठी तरतूद दिसत नाही.

माझी खरी हरकत मात्र हमीला आहे. भागीदारांनी घालावयाच्या 42.5 लाख डॉलरमध्ये आपले 80 लाख रुपये जेमतेम दोन टक्के होतात, पण सामाईक हमीमुळे बँक संपूर्ण 42.5 लाख डॉलरच्या कर्जासाठी एकट्या आपल्याकडेही येऊ शकते. अशा जहाजाचे रिकामे वजन साधारण 6,000 टन असते. गुजरातमधील अलंगच्या जहाजतोडणी केंद्रात टनाला 400 डॉलर मिळाले असे धरले, तरी भंगारातून 24 लाख डॉलर येतील. कर्ज फेडले गेले नसताना बाजार कोसळला, तर उरलेले 18.5 लाख डॉलर कोणाच्या घरावर येणार? बाल्टिक ड्राय इंडेक्स, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक, 20 मे 2008 रोजी 11,793 होता आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात 663 पर्यंत उतरला. फेब्रुवारी 2016 मध्ये तो 290 वर आला होता. तेजीत विकून बाहेर पडण्याची तारीख ठरवणे दोन टक्क्यांच्या भागीदाराच्या हाती नसते.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आपला पगारही याच जहाजभाड्याच्या बाजारावर उभा आहे. मंदीत दोन करारांमधील रजा लांबते, आणि नेमके तेव्हाच हे जहाज पैसे मागेल. मुलांच्या शिक्षणासाठी व निवृत्तीसाठी ठेवलेल्या रकमेला हा धोका दुसऱ्यांदा लावू नये.

म्हणून 80 लाख मुळीच घालू नका. या धंद्यात पाऊल टाकण्याची आपली ओढ मी समजतो. त्यासाठी 15 लाखांपर्यंत, कोणत्याही वैयक्तिक हमीशिवाय, आणि हिस्सा विकण्याचा हक्क भागीदारी करारात लिहून घेऊन गुंतवणूक करता येईल. मुख्य भागीदार हमी काढण्यास तयार नसतील, तर नकार द्या. करारपत्रावर सही होऊन 10 टक्के अनामत भरली की जहाज आहे त्या स्थितीत घ्यावे लागते, तेव्हा त्याआधीच क्लासच्या नोंदी, थिकनेसचा अहवाल आणि बॅलास्ट वॉटर ट्रीटमेंट (बॅलास्ट टँकमधील पाणी शुद्ध करणाऱ्या) यंत्रणेची कागदपत्रे मागवा, आणि सर्व्हेयर विक्रेत्याच्या दलालाने सुचवलेला नको, आपला स्वतःचा नेमा.