३क्ष आणि ५ चे ८क्ष होतात कसे?

प्रश्न : मॅडम, मुलगा सातवीत आहे, सेमी इंग्लिश. बैजिक राशी सुरू झाल्यापासून घरात रोज रडारड. ३क्ष + ५ दिलं की ८क्ष लिहून मोकळा होतो, आणि कंसाच्या आधी वजा आला की चुकलंच समजा, काल ७क्ष − २(३क्ष − ४) चं उत्तर क्ष − ८ काढलंन, खरं सांगायचं तर मीही तेच काढलं असतं. क्लासवाले म्हणतात सजातीय पदांची व्याख्या पाठ करून घ्या. पाठ करून येईल का हो?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, पाठ करून व्याख्या येईल, गणित नाही यायचं. (त्याच्या पुस्तकात एक्स असेल, मी आपला क्ष लिहितेय, जुनी सवय.)

आधी हे, की पोरगं मठ्ठ नाहीये. पहिलीपासून त्याला सांगितलंय की उत्तर म्हणजे एकच आकडा, ७ + ५ तसंच ठेवलं तर मार्क कापायचे आणि आता अचानक म्हणायचं की ३क्ष + ५ हेच उत्तर, पुढे काही करू नकोस. त्याला ते अर्धवट वाटतं, म्हणून तो दोन्ही कोंबून एक करतो.

बरेच जण ३ आंबे आणि ५ केळी असं सांगून समजावतात, मला ते अजिबात पटत नाही. क्ष म्हणजे वस्तू नाही, क्ष म्हणजे संख्या, फक्त अजून माहीत नसलेली. पुढे गुणाकार आला की आंबा गुणिले केळं म्हणजे काय, फ्रूट सॅलड? त्यापेक्षा घरातल्या ३ काडेपेट्या घ्या, तिन्हीत सारख्याच काड्या भरा, किती ते त्याला सांगू नका, आणि बाजूला ५ सुट्या काड्या ठेवा. हे झालं ३क्ष + ५. आता विचारा, या ८ पेट्या आहेत का? मग पेट्या उघडून दाखवा, समजा प्रत्येकीत ४ निघाल्या, तर एकूण १७, आणि ८ पेट्या असत्या तर ३२ झाल्या असत्या. एकदा स्वतः मोजलं की डोक्यात बसतं.

ही सजातीय-विजातीयची (३क्ष आणि ५क्ष सजातीय, ३क्ष आणि नुसते ५ विजातीय) भानगड आपल्याकडे फार जुनी आहे बरं का. भास्कराचार्यांनी साधारण ११५० साली ‘बीजगणित’ लिहिलं, त्यात अज्ञात संख्यांना यावत्तावत् (म्हणजे जेवढं असेल तेवढं), कालक, नीलक अशी नावं, यातले कालक, नीलक म्हणजे काळा, निळा असे चक्क रंगच, आणि नियम हाच, एका जातीचे असतील तर बेरीज-वजाबाकी करा, वेगळ्या जातीचे असतील तर वेगवेगळे राहू द्या.

आता कंस. त्याला दुकानात न्या, म्हणजे मनातल्या मनात. ५०० ची नोट दिली, बिल ३२० चं, त्यावर २० रुपये सूट. परत किती? ५०० − (३२० − २०), म्हणजे २००. पण तुमचा मुलगा करतो तसं कंस सोडून ५०० − ३२० − २० केलं तर हातात १६०, म्हणजे सूट मिळायच्या जागी दुकानदाराने २० जास्तीचे कापले, ४० चा फटका! सूट आपल्याकडे परत येते म्हणून वजाचं अधिक होतं. त्याच्या गणितातही तेच, −२ ने ३क्ष ला गुणलं तसं −४ लाही गुणायचं, +८ येतात, उत्तर क्ष + ८.

आणि पडताळा घ्यायची सवय लावा, याला मी सगळ्यात जास्त मार्क देईन. क्ष = २ घ्या. मूळ राशी १४ − २(६ − ४), म्हणजे १०. क्ष + ८ पण १०, जमलं. क्ष − ८ घेतलं तर −६, चूक लगेच पकडली. फक्त क्ष = १ घेऊन पडताळा नको, कारण ३क्ष + ५ पण ८ आणि ८क्ष पण ८, चुकीचं उत्तर बरोबर दिसतं आणि कार्टं वर आपल्यालाच म्हणतं बघ आई, आलं की नाही. ० पण टाळा. २, ३, ५ काहीही चालेल.

प्रश्न : ७क्ष − २(३क्ष − ४) ला सरळ रूप द्या, या गणितात माझी मुलगी क्ष + ८ पर्यंत नीट येते, मग स्वतःच = ० लिहून क्ष = −८ काढते. इथे चूक आहे की हे पण चालतं?
– एक बाबा, डोंबिवली

उत्तर : नाही चालत दादा. ‘सरळ रूप द्या’ म्हटलंय, ‘सोडवा’ नाही. राशीत बरोबरचं चिन्हच नसतं, त्यामुळे क्ष किती हा प्रश्नच कुणी विचारलेला नाही, तो काहीही असू शकतो. ते = ० तिने पदरचं घातलंय. तिला दर वेळी प्रश्नाचं पहिलं वाक्य मोठ्याने वाचायला लावा, नुसते आकडे बघून पेन चालवू नको म्हणावं, महिनाभरात सुटेल.