शेतीचा सल्ला: पडीत जमीन वाहीत आणताना

प्रश्न: काटोलजवळ दोन एकर पडीत आहे. पळस-बोरीची झुडपं, वर धोंडे, खाली मुरूम. जेसीबी लावून एकदाच साफ करून घ्यावं का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: जेसीबी लावा, पण जमीन खरडू देऊ नका. हलक्या रानात कसदार माती वरच्या वीतभरातच असते. ती धुऱ्यावर (बांधावर) लोटली की हाती मुरूमच उरतो. दात असलेल्या बकेटनं फक्त ठुठं (झुडपांचे खुंट) उपटायला सांगा.

झुडूप जमिनीलगत तोडणं ही नेहमीची चूक. दोन-तीन फूट खोड ठेवा, ओढायला पकड मिळते. भोवती दीड फूट खोल खणा, आडव्या मुळ्या कुऱ्हाडीनं तोडा, मग खोड हलवून काढा. पळस आणि बोर राहिलेल्या मुळीतून पुन्हा फुटतात. पहिल्या पावसानंतर कोंब वीतभर झाले की कुदळीनं मुळासकट काढा. नुसतं विळ्यानं छाटलं तर एकाचे चार होतात.

धोंडा तीन बाजूंनी मोकळा करून सब्बलखाली (लोखंडी पहारीखाली) लहान दगडाचा टेकू द्या. माथा फूटभराहून खोल असेल तर राहू द्या, नांगर तिथवर जात नाही. खड्ड्यात खाली मुरूम, वर माती. नाहीतर पावसात जागा दबते. निघालेले दगड उताराला आडवे रचा.

झुडपं-धोंडे काढायचं काम मार्चपर्यंत उरका, मग नांगरून ढेकळं मे महिन्याच्या उन्हात तापू द्या. सागवान, मोह असेल तर आधी परवानगी.