टक्क्यांच्या पुढचा रकाना वाच

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू तापलेला होतास, म्हणून तेव्हा बोललो नाही. कंबरेच्या अपंगत्वाचे ३० टक्केच लिहिलेत, ४० करून मिळतील का, एवढंच तू विचारत होतास. अरे, तुझी डिसॅबिलिटी पेन्शन टक्क्यांवर अडलेलीच नाही. मेडिकल बोर्डाच्या कागदात पुढचा रकाना बघ. दुखणं नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही, असं तिथं आहे. फौजेत ज्याला 'नाना' म्हणतात ते हेच. एकदा नाना लागला की ३० काय नि ८० काय, हातात काही पडत नाही.

तो नाना निघाला, तर २० पासून ५० च्या आतला कुठलाही आकडा ५० धरतात. मुदत पूर्ण करून घरी आलेल्यालाही हे लागू आहे; सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा रामअवतार निकाल आहे. ५० टक्के म्हणजे शेवटच्या पगाराच्या १५ टक्के दरमहा. तेव्हा ३० चे ४० करायला भांडणं म्हणजे पाण्यात काठी मारणं.

भांडायचं ते कारणावर. तुझ्या कागदात कारण म्हणून एकच ओळ आहे, 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर', म्हणजे शरीराच्या मूळ ठेवणीतलाच आजार. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात कोर्टानं सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. नोकरीशी संबंध नाही हे फौजेनं दाखवायचं, तेही कारणं देऊन. भरतीचा मेडिकल, एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, पोस्टिंगची यादी हे सगळं माहितीच्या अधिकारात माग. तू मराठा लाइट इन्फंट्रीचा, तुझं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. तोफखान्यातल्या पोरांना नाशिक रोडला लिहावं लागतं.

तू जून २०२३ ला सुटलास. २१ सप्टेंबर २०२३ पासून सुटणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांचं ऐकून गोंधळू नकोस.

नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. अर्ज एका पानाचा पुरे, कॅम्पात टाइप करून घे. देशासाठी रक्त आटवलं वगैरे नको. कुठल्या वर्षी, कुठल्या पोस्टवर, कंबरेनं कधी दगा दिला तेवढंच. बोर्डापुढे 'सब ठीक है साब' म्हणत उभा राहिला असशील, आपली सगळ्यांची तीच खोड. अर्जात तरी ती सोड. तिथंही नाही झालं तर दुसरं अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. आपलं खानापूर कर्नाटकात, म्हणून खानापूरकराला त्याचं खंडपीठ कोचीचं. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडात राहत असतास तर मुंबईला गेला असतास. सीमाप्रश्न इथंही आलाच की!

एरिअर्समध्ये टक्का मागणाऱ्या एजंटाला मूळ कागद देऊ नकोस. रविवारी झेरॉक्स घेऊन ये. पाकिटही आण, पत्र कधी पोचलं ते पोस्टाच्या शिक्क्यावरून ठरवू.

तुझा,
काका