वाचक विचारतात : हस्तिदंतावरचे चिनी बंदर

प्रश्न : आमच्याकडे हस्तिदंताच्या पातळ कापावर रंगवलेले तळहाताएवढे चिनी चित्र आहे. नदीकाठी पांढऱ्या इमारतींची रांग, पुढे परदेशी झेंडे, पाण्यात होड्या. हे बंदर कोणते, कधीचे? काप मधोमध फुगला आहे, एक चीरही गेली आहे. ओल्या कापसाने पुसले तर चालेल का?

उत्तर : ओला कापूस मुळीच लावू नका. हे रंग बहुधा डिंकात कालवलेले जलरंग असतात. हस्तिदंत कागदासारखा रंग शोषत नाही, त्यामुळे रंग नुसता वर बसलेला असतो आणि पाण्याचा थेंब लागला की आकाशासकट निघून येतो.

वर्णनावरून ही कॅन्टनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझूच्या, परदेशी वखारींची रांग दिसते. नऊमजली पॅगोडा आणि नांगरलेली मोठी जहाजे असती, तर व्हाम्पोआ, म्हणजे कॅन्टनजवळचा परदेशी जहाजांचा नांगरतळ, म्हटले असते. चंद्रकोरीसारखा किनारा असता, तर मकाव, म्हणजे जवळची पोर्तुगीज वसाहत. काळासाठी झेंडे पाहा. पहिले अमेरिकी जहाज कॅन्टनला 1784 मध्ये आले, तेव्हा अमेरिकी झेंडा असल्यास चित्र त्याआधीचे नाही. वखारींसमोर दाट झाडांची बाग आणि चर्च असेल, तर 1840 च्या दशकाच्या अखेरीचे किंवा नंतरचे. वखारी 1856 च्या आगीत कायमच्या गेल्या, पण म्हणून चित्र त्याआधीचेच असे समजू नका. तिथले चित्रकार जुन्या नमुन्यांवरून नकला करत. देखावा फक्त ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच खात्रीने सांगतो, आणि विक्रेते नेमके हेच विसरतात.

फुगवटा दमट हवेचा. हस्तिदंत आपल्या अंगच्या नैसर्गिक रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो-आकसतो. कडा डिंकाने पुठ्ठ्याला घट्ट चिकटवल्या असतील तर त्याला हलायला जागा उरत नाही आणि तो रेषेच्या दिशेने चिरतो. दाबून सपाट करू नका, दुसरी चीर पडेल. काच रंगाला टेकू देऊ नका, मध्ये 2-3 मिलिमीटर फट हवी. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा, उजेड मंद, 50 लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेडाचे माप). रंगाचे पोपडे सुटत असतील तर ब्रशही फिरवू नका, चित्र आडवे ठेवून संवर्धकाकडे न्या.

प्रश्न : हस्तिदंत की हाड, कसे ओळखावे? आडव्यातिडव्या जाळीदार रेषा दिसत नाहीत.

उत्तर : ती जाळी सुळ्याच्या आडव्या छेदातच दिसते. चित्रांचे काप बहुधा लांबीत कापलेले असतात, तिथे हलक्या नागमोडी रेषाच दिसतील. चित्राची मागची बाजू 10 पट भिंगाखाली पाहा. बारीक काळपट ठिपके किंवा आखूड रेघा असतील तर हाड. अगदी सरळ, एकसारख्या अंतरावरच्या रेषा असतील तर सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकचा, संशय घ्या. तापलेली सुई टोचण्याचा सल्ला ऐकू नका : हस्तिदंतावर कायमचा डाग पडतो, सेल्युलॉइड तर पेट घेते.

विकण्याआधी किंवा देशाबाहेर नेण्याआधी मात्र तिथले कायदे तपासा. चित्र जुने असले तरी हस्तिदंतावर बहुतेक देशांत कडक निर्बंध आहेत.