‘मॅडम, पोरगा वाया गेला का?’

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या मुलुंडच्या एका आईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा १९ वर्षांचा, बी.कॉम.ला. त्याने जेवण घेऊन आलेल्या रायडरवर प्रँक करून त्याचा व्हिडिओ टाकला होता: पार्सल फोडलंस, चोर आहेस, वॉचमनला बोलावतो. शेवटी ‘दादा, प्रँक होता!’ आणि पाचशेची नोट.

‘पैसे दिले ना. तो हसलासुद्धा,’ मुलगा म्हणाला.

मी त्याला व्हिडिओ आवाज बंद करून लावायला सांगितलं. हसण्याचं संगीत गेलं की बरंच काही दिसतं. रेनकोटचं पाणी लादीवर गळतंय. रायडर याच्याकडे कमी, हातातल्या मोबाइलकडे जास्त बघतोय. मग मोबाइल खिशात टाकून त्याने हात जोडले. तिथे मी व्हिडिओ थांबवला.

‘हात का जोडले त्याने?’

बराच वेळ गप्प. मग, ‘ॲपवरचा आयडी ब्लॉक होईल, काम जाईल म्हणून.’

म्हणजे पोराला सगळं कळत होतं. हसू सुटकेचं होतं, हेही त्यानेच सांगितलं.

खोटा आळ घेऊन व्हिडिओ पसरवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा गुन्हा होऊ शकतो, हे ऐकून आई घाबरल्या. मला मात्र वेगळंच विचारायचं होतं. ‘तुमच्या सोसायटीत रायडर कुठली लिफ्ट वापरतात?’

‘मागची. मेंबरांच्या लिफ्टमध्ये मनाई आहे, तशी पाटीच आहे.’ सांगता सांगता त्या थांबल्या. ही पाटी मुंबईत किती सोसायट्यांत दिसते! पोरं ती वाचतच मोठी होतात, आणि आपण सगळा दोष मोबाइलला देतो.

मोबाइल काढून घेऊ नका, म्हटलं. आधी टाकलेला व्हिडिओ डिलीट करायचा, मग माफी, तीही कॅमेरा न लावता.

स्टेशनजवळच्या हॉटेलांबाहेर ऑर्डरची वाट बघत रायडर उभे असतात. तिसऱ्या संध्याकाळी मुलाला त्यांच्यात तो रायडर सापडला. पुढच्या भेटीत मुलाने सांगितलं, ‘तो चिडला नाही, मॅडम. एवढंच म्हणाला, तुमच्या बिल्डिंगची ऑर्डर आली की मी सोडून देतो.’

‘सोडली की त्याचं काय होतं?’

‘विचारलं मी. पैसे बुडतात.’

आई म्हणाल्या, येत्या मीटिंगला त्या पाटीचा विषय काढते. सेक्रेटरी ऐकतील असं त्यांना वाटत नाही. मलाही नाही.